ज्या तासाचा निकाल लागत न्हाय

माझं नाव शालन. माहेर मुरगूडकडचं. गावाचं नाव सांगून तुमाला काय कळायचं न्हाय, तवा मुरगुडात एसटीतनं उतरलं की पुढं चालतच जायाला लागायचं. आमच्या तिकडं बायका बी मी आलो, मी गेलो असंच बोलत्यात. कोल्हापुरात शिकायला आले तवा खोलीतल्या पोरी लई हसल्या मला, मग मी आले, मी गेले म्हणायला शिकले, बाकीचं बोलणं काय सुटलं न्हाय. वर्गात पुस्तकातलं बोलते आणि वर्गाच्या भाईर आले की हे असं. तुमी लिवणार असशीला तर असंच लिवा, त्येला साबण लावून धुऊ नगा.

घरात शेती. ऊस थोडा आणि तंबाकू. आण्णांना, म्हंजे माझ्या वडलांना, पोरींनी शिकावं असं काय वाटायचं न्हाय आणि शिकू ने असं बी वाटायचं न्हाय, ते त्यात नसायचेच. आमच्या हायस्कुलात चित्रकलेचं एक सर हुते, सायकलवरनं यायचे, पायजम्याला रंग लागल्याला. त्यांनी मला सांगितलं, तू कोल्हापूरला जा, चित्रकला शिक्षकाचा कोर्स कर. मी घरात सांगितलं तर आण्णा म्हणाले, चितरं काढून कोण जेवाय घालतंय, ह्या सुगीनंतर लगीन करून टाकू. मग सर एक दिवशी स्वतः घरला आले. आण्णा अंगणात तंबाकूची पानं निवडत बसलेते, बसा सुदीक म्हणाले न्हाईत. सर आपले पायरीवर बसले, पिशवीतनं कागद काढला, आणि कायबी न बोलता आण्णांचं हात काढाय लागले, नुसतं हात, पानं धरल्यालं. आण्णा वळून बगायचे आणि परत कामाला लागायचे. झाल्यावर सरांनी कागद पुढं धरला. आण्णांनी लई येळ बघितला. म्हणाले, माझं हात एवढं म्हातारं झाल्यात व्हय. आण्णांनी इचारलं, पोरगी बी असं काढंल? सर म्हणाले, माझ्यापरास बरं काढंल. मग आण्णा आईला म्हणाले, च्या टाक.

हे मी तुमाला कशाला सांगतोय, बगा परत सांगतोय म्हणाले, गावाची आठवण आली की तोंड गावाचं हुतंय. कशाला सांगते, तर ते सर आमच्या गावच्या टोकाला काय हौसंनं आलते व्हय? शाळंत चित्रकलेच्या मास्तराचं पद हुतं, म्हणून आलते. पद नसतं तर मी आज कुणाच्यातरी रानात तण काढत, भांगलत असते. भांगलणं वाईट न्हाय, पर मला इचारून तर झालं नसतं ते.

कोर्स झाला, लगीन झालं, मालक एसटीच्या वर्कशॉपात, सुभावानं चांगले. मला कार्पोरेशनच्या शाळंत नोकरी लागली, पंचगंगेच्या अंगाला. तितली पोरं म्हंजे गुळाच्या अड्ड्यावर हमाली करणाऱ्यांची, रिक्षावाल्यांची, फौंड्रीत जाणाऱ्यांची, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बायकांची. ज्येला थोडं बरं मिळालं की त्यो पोरगं काढून इंग्लिश मीडियमला घालतोय, मग उरत्यात ती आमच्याकडं. मागच्या अंगाला एक खोली पडून हुती, मोडक्या बाकांची. हेडबाईंच्या मागं लागून लागून मी ती मागून घेतली, मालकांनी आणि मी मिळून चुना मारला, आणि तितं चित्रकला सुरू केली. खोलीत नळ हुता, ही लई मोठी गोष्ट हाय, ब्रश धुवायला पोरांना भाईर पळाय लागायचं न्हाय.

आता चित्रकलेच्या तासाला काय हुतंय, हे तुमी मला इचारलं तर सांगता येईल, शिक्षण ऑफिसातल्या साहेबांनी इचारलं तवा सांगता आलं न्हाय. पोराला दिवसभर सगळं जग इचारत असतंय बगा. घरात इचारत्यात भांडी घासलीस का, शाळंत इचारत्यात पाडा पाठ झाला का, का झाला न्हाय, उभी रहा, बस खाली. चित्रकलेच्या तासाला कुणी काय इचारत न्हाय. समोर कागद, मान खाली, शेजारच्याची बी मान खाली, आणि जे आत हाय ते हळूहळू हातातनं उतरतंय. पोरगं चुकलं तर चुकलं, त्येला लाल रेघ न्हाय. आमच्या पोरांना दिवसातनं असा एवढाच येळ मिळायचा. माझी पोरं काय सगळी चित्रकार हुणार हुती असं न्हाय हो. गणिताचा मास्तर काय समदी गणिती करतोय व्हय? त्येला कोण असं इचारत न्हाय, मलाच इचारत्यात.

महापूर आला ते साल. आमच्या शाळंत खालच्या वर्गात माणसाच्या वर पाणी. पाणी उतरल्यावर चिखल काढायला आमी सगळ्या बाया, पोरांच्या आया, शिपाई, सगळी लागलेली. शाळा सुरू झाली तवा पाचवीत एक पोरगी हुती, कोमल, ती बोलायची थांबलीती. आदी चांगली बोलायची, वर्गात खोड्या करायची. वर्गाच्या बाई मला म्हणाल्या, ह्या पोरीला हाक मारली तर ऐकती, पर तोंड उघडत न्हाय, मागच्या बाकावर बसवलीया, काय करू सांगा.

तिच्या घरात झालतं असं. वडील फौंड्रीत कामाला, आणि घरामागं एक म्हस, गल्लीत दूध घालायचे. त्या दिवशी वडील पाळीवर गेलते. पाणी एकाएकी गल्लीत शिरलं, होड्या आल्या, माणसं गाठोडी घेऊन निघाली, कोमल आणि तिची आई बी निघाल्या, वरच्या रस्त्याला एका ओळखीच्यांच्या माडीवर गेल्या. वडील पाळी सुटून आले, बघत्यात तर म्हस आणली न्हाय, ती गोठ्यातच बांधल्याली. ते पाण्यात उतरले. लोकं नगं नगं म्हणत हुती. कोमल माडीवरनं बगत हुती. थोड्या येळानं म्हस पवत आली, गळ्यात कापल्यालं दावं, आणि रस्त्याला येऊन उभी ऱ्हायली. वडील आले न्हाईत. पाणी उतरल्यावर गावले. आता त्या म्हशीला काय कळतंय, ती वाचली, आणि रोज दारात उभी. आईनं नंतर ती इकून टाकली, बघवत न्हवतं म्हणाली.

मी कोमलला काय बोलले न्हाय. चित्रकलेच्या तासाला तिच्यापुढं बी कागद ठेवला, रंग ठेवलं. तिनं तपकिरी रंग घेतला आणि सगळा कागद भरला. नुसता तपकिरी. कोपरा बी सोडला न्हाय. पुढच्या तासाला परत तेच. त्याच्या पुढच्या बी तासाला तेच. बाकीची पोरं हसाय लागली तर मी म्हटलं, तिचं तिला करू द्या. तपकिरी रंग सपला की मी घरनं घेऊन यायची. मालक म्हणायचे, एकच रंग कसा काय गं सपतोय तुमचा. दसरा गेला, दिवाळीची सुट्टी झाली, तिचे कागद मी जपून ठिवत गेले. मला बी वाटायचं, आपण काय येड्यासारखं करतोय का, हिला कुटं मोठ्या दवाखान्यात न्यावं का. आईनं नेलतं दवाखान्यात बी, डॉक्टर म्हणाला धक्का बसलाय, येळ जाऊ द्या. देवाला बी नेलतं.

मग एक दिवशी कागदाच्या मधी तिनं जागा सोडली. तपकिरी सगळं, आणि मधनं एक पांढरी रेघ, वळणं घेत गेल्याली. मला वाटलं चुकून ऱ्हायली. परत पुढच्या तासाला तशीच. मी तिच्या शेजारी खाली बसले, माझा आपला कागद घेऊन, मी बी कायतरी काढत बसले. बाकीची पोरं ब्रश धूत हुती, नळाचा आवाज, दंगा. आणि ती माझ्याकडं न बघता म्हणाली, बाई, हे दावं हाय. मी मान वर केली न्हाय. म्हटलं, व्हय. ती म्हणाली, पप्पांनी जाताना मला सांगितलंतं, पाणी आलं तर म्हशीचं दावं सोड, तिला पवता येतंय. मी सोडलं न्हाय.

काय सांगू तुमाला. दहा वर्साची पोरगी. एवढे दिवस हे आत घेऊन बसलीती, आणि तोंड उघडलं तर हेच भाईर पडंल म्हणून तोंडच मिटलंतं तिनं.

मी तिला जवळ घ्याय गेले तर ती आकसली, मग नुसती बसून ऱ्हायले. म्हटलं, आईला सांगितलंस? मान हलवली, न्हाय. संध्याकाळी मी तिच्याबरोबर घरला गेले. आई भाकरी थापत हुती. मी बाहेरचं दार लोटून घेतलं आणि कोमलला म्हटलं, सांग. ती सांगंना. मग तिनंच दप्तरातनं तो कागद काढून आईच्या म्होरं धरला आणि बोटानं ती पांढरी रेघ दावली, आणि सगळं सांगितलं, एका दमात. मी मनात म्हटलं आता ही बाई पोरीला मारती का काय. आईचा हात पिठात तसाच ऱ्हायला. तव्यावरची भाकरी करपायला लागली, वास सुटला, कुणी उठंना. मग आई म्हणाली, अगं बाळा, त्यांनी मला बी सांगितलंतं की. मला बी सांगितलंतं, आणि मी कपड्यांचं गाठोडं बांधायच्या नादात इसरले. मी बी कुणाला बोलले न्हाय. आणि त्या दोघी एकमेकीला धरून अशा रडल्या, असं रडणं मी आजतागायत बघितलं न्हाय. मी भाकरी तव्यावरनं काढली आणि घरला आले.

दुसऱ्या दिवशीपास्नं कोमल बोलाय लागली. एकदम न्हाय, हळूहळू. पर वर्गात हजर म्हणाली तवा वर्गाच्या बाईंच्या डोळ्यात पाणी आलं. तिनं मग दुसरे रंग घेतले. सगळ्यात पयला हिरवा घेतला, का घेतला ते मी इचारलं न्हाय.

मधी करोनात शाळा बंद झाल्या. त्यो येळ सांगत बसले तर दुसरंच पुस्तक होईल. परत सुरू झाल्या तवा वरनं हुकूम आला, पोरं मागं पडल्यात, वाचन आणि गणित भरून काढायचंय, तवा चित्रकला, गाणं, कार्यानुभव ह्यांचे तास त्यात घ्या. आमी म्हटलं ठीक हाय, चार-दोन म्हैने. नंतर कळलं, गाण्याच्या बाई रिटायर झालेल्या, त्यांचं पद भरायचं न्हाय, आणि माझं पद तर आता शाळंच्या पटात, म्हंजे पोरांच्या आकड्यात, बसत न्हाय, मला पाचवीचं गणित द्यायचं. खोली धान्य ठेवायला पायजे हुती, पोषण आहाराच्या तांदळाच्या पोत्यांना उंदीर लागत हुते जुन्या जागंत. धान्य काय उघड्यावर ठेवा म्हणता येतंय व्हय? पोरांच्याच पोटातलं धान्य. असं करत्यात बगा, एका पोराच्या हातातलं काढून दुसऱ्याच्या पोटात घालायचं आणि तुमी बोलला तर तुमीच वाईट.

तरी मी गेले त्या शिक्षणाच्या साहेबांकडं. ऑफिसात. साहेब वाईट माणूस न्हवता, हे मुद्दाम सांगते, तरणा हुता, नम्र बोलायचा. म्हणाला, बाई, तुमची तळमळ कळती मला, पण मला वर दाखवायला कायतरी लागतं. वाचनाचा निकाल दाखवता येतो, गणिताचा दाखवता येतो. चित्रकलेचा निकाल कशात दाखवू? मी म्हटलं, सरकारी चित्रकलेची परीक्षा असती, आठवीला पोरं बसत्यात, पुढं दहावीला त्येचे जादा गुण मिळत्यात, आमच्या पोरांना ते बी नगंत का, शिक्षकच नसला तर पोरांना बसवणार कोण? तो म्हणाला, किती पोरं बसतात? मी सांगितलं. आकडा लहानच हुता. कोल्हापूरला कलानगरी म्हणत्यात, चौकात बोर्ड लावत्यात, आणि माझा आकडा लहान.

कोमल सातवीत हुती तवा. तिला कुणी सांगितलं काय म्हाईत, ती मला म्हणाली, बाई, माझं चित्र दाखवा की त्यांना. दाव्याचं. मी न्हाय म्हटलं. पोरीचं दुःख टेबलावर मांडून आपलं पद वाचवायचं, हे माझ्यानं झालं नसतं. ते चित्र तिचं. आजपण मालक म्हणत्यात, दाखवलं असतंस तर? मी म्हणते, न्हाय म्हंजे न्हाय.

पण तिची आई गेली. मला न सांगता, कामावरनं परस्पर, पदर खोचल्याला तसाच, आणि साहेबांच्या म्होरं उभी ऱ्हायली. हे मला नंतर तिनंच सांगितलं. ती म्हणाली, साहेब, माझी पोरगी मुकी झालती. डॉक्टरला बोलली न्हाय, देवाला बोलली न्हाय, मला तर न्हाईच न्हाय. त्या खोलीत बोलली. आता माझी बोलली, माझं काम झालं, मी माझ्यासाठी आले न्हाय. पण अजून कुणाचं पोरगं असंल की. साहेबांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाला, ताई, खरंय तुमचं. माझी मुलगी जिथं शिकते तिथं मातीचं चाक आहे, तिला फार आवडतं, घरी आली की तेच सांगत बसते. कोमलची आई मला म्हणाली, बाई, एवढं बोलून त्येचंच तोंड पडलं आणि मीच म्हटलं, जाऊ द्या साहेब, तुमच्या हातात नसंल. आणि आले. बगा म्हंजे, त्या बाईनं उलट त्येलाच समजावलं.

खोली रिकामी केली. शिपायानं सगळी चित्रं व्हरांड्यात काढून ठेवली, इतक्या वर्सांची, आणि त्या दिवसांत पावसाची झड, निम्मी भिजली. रद्दीवाला येणार हुता. मी पोरांना म्हटलं, आपापली शोधून न्या. कोमल आली, ढिगापशी उभी ऱ्हायली, तिचे तपकिरी कागद वरच हुते, वळून एकमेकाला चिकटल्याले. मी म्हटलं, ने की. ती म्हणाली, नगंत बाई. मग कपाटाकडं बघून म्हणाली, कोरे कागद न्हिऊ का? म्हटलं, सगळे ने.

पुढं ती दुसऱ्या हायस्कुलात गेली, तितं चित्रकला नावालाच, त्या तासाला इंग्रजी घ्यायचे. चित्रकलेच्या त्या सरकारी परीक्षेला बसायची तिला लई इच्छा हुती. मी एका खाजगी शाळंत इचारून बघितलं, तितल्या बाई म्हणाल्या आमच्या पोरांशिवाय आमी कुणाला बसवत न्हाय. दहावीला काठावर पास झाली. आता महाद्वार रोडला कापडाच्या दुकानात हाय, दिवसभर उभं ऱ्हाऊन साड्या उलगडायच्या आणि घड्या घालायच्या. मी गेले की लांबनंच बाई म्हणून वरडती, गिऱ्हाईक सोडून बोलत बसती, दुकानाचा मालक डोळे वटारतोय. बोलती मात्र भरपूर. परवा म्हटलं, काढतीस का गं काय? हसली. म्हणाली, कुटं येळ हाय बाई, घरला गेलं की पाय दुखत्यात.

आणि मी पाचवीला गणित शिकवते. वाईट शिकवत न्हाय. रिटायर व्हायला आता थोडंच ऱ्हायलंय.

ह्या वर्सी वर्गात एक पोरगी हाय. नाव न्हाय सांगत, तिचं ते तिच्यापाशी ऱ्हाऊ दे. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर आली ती वेगळीच होऊन आली. गणितं बरोबर सोडवती, म्हणून कुणाच्या नजरंत येत न्हाय, पर वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलनं काळं करत बसती, दाबून दाबून, पान फाटंपर्यंत. मी लगेच वळखलं. इचारलं तिला, बाजूला घेऊन, काय झालंय बाळ? म्हणाली, काय न्हाय बाई. इचारून कुटं सांगत्यात व्हय पोरं, इचारलं की तर जास्त मिटत्यात. मग मी माझी रंगाची पेटी आणि कागद तिला घरला दिलं. दोन-चार दिवसांनी परत घेऊन आली, तशीच, रंगाला ब्रश सुदीक लागल्याला न्हाय. म्हणाली, घरात न्हाय काढता येत, सगळी बगत्यात. म्हटलं, शाळा सुटल्यावर थांबशील? तर धाकट्या भावाला बालवाडीतनं न्ह्यायचं असतंय तिला. आईला बोलावलं, आई आली न्हाय, आजी आली, म्हणाली पोरगी शांत हाय, गुणाची हाय, तुमाला काय तरास देती का? म्हटलं, न्हाय हो.

लोकांना वाटतंय रंग दिलं की झाली चित्रकला. तसं न्हाय. त्येला ती खोली लागती, दार लागतं, रोजचा ठरल्याला तास लागतोय, शेजारी खाली माना घातल्याली पोरं लागत्यात, आणि कुणीतरी कायबी न इचारता शेजारी बसणारं माणूस लागतंय. माणूस अजून हाय. बाकीचं काढून घेतलं.

उद्या सकाळी परत पयला तास गणिताचा, अपूर्णांक घ्यायचेत. ती दुसऱ्या बाकावर बसंल, बरोबर उत्तरं लिवंल. मी तिच्याकडं बगंन आणि फळ्याकडं वळंन. देव तिला कुटंतरी बोलायला जागा देवो, एवढंच मागते मी आता. च्या घ्या, गार झाला तुमचा.